नंदा, तो शब्द तुला ठाऊक होता

नंदा,

शनिवारी शाळेत तुझी शोकसभा झाली. तुझा एकटीचा फोटो कुणाकडेच नव्हता, म्हणून स्नेहसंमेलनाच्या ग्रुप फोटोतून तुझा चेहरा मोठा करून आणला होता. त्यात तू उन्हामुळे डोळे बारीक केले आहेस आणि कुणावर तरी रागावल्यासारखी दिसतेस. मला तो फोटो आवडला. मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, पहिल्याच वाक्याला त्या रुमाल काढतात. त्या म्हणाल्या, "महानंदाबाईंनी लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची वर्षानुवर्षं सेवा केली. त्यांच्यासाठी लग्नसुद्धा केलं नाही. माया कशाला म्हणतात ते त्यांच्याकडून शिकावं. बाई इंग्रजी शिकवायच्या, मराठी बोलायच्या, घरात कानडी, पण द्वेष हा शब्द त्यांच्या कुठल्याच भाषेत नव्हता."

पुढच्या रांगेतल्या मुली हुंदके देत होत्या. मी तुझ्या फोटोकडे बघत बसले. वाटलं, आता तू कोपरानं मला ढोसशील आणि हळूच म्हणशील, "विजू, ऐकतेस ना, काय चाललंय?"

ऐकलं, नंदा. आणि घरी आल्यापासून मला स्वस्थता नाही. तुझ्याकडे तो शब्द होता. त्याचा अर्थ, त्याचा उच्चार, त्याचा नेमका वापर, सगळं तू मला शिकवलं होतंस, आणि आपण त्यावरून इतकी वर्षं भांडत आलो होतो. ते भांडण अर्धवट टाकून तू थोड्याशा तापाचं निमित्त करून निघून गेलीस. आता उरलेलं मी एकटीनं कसं भांडायचं?

तुला आठवतं का, त्याची सुरुवात कशी झाली? नववीच्या सहामाहीत तू 'वाक्यात उपयोग करा'मध्ये 'डिटेस्ट' घातला होतास. एका मुलीनं लिहिलं, 'आय डिटेस्ट माय अंकल बिकॉज ही शाउट्स अ‍ॅट माय मदर.' पेपर मोठ्या बाईंच्या हाती पडला आणि त्यांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं, "काकांबद्दल असं लिहिलेलं चालतं तुम्हाला? कान उपटायचे सोडून पूर्ण मार्क?"

तू उठून उभी राहिलीस. "बाई, शब्द पुस्तकातला आहे. वाक्य बरोबर आहे. स्पेलिंग बरोबर आहे. मी काकाला मार्क दिले नाहीत."

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वह्यांत डोकी खुपसली. मग तू मला दुसऱ्या एका मुलीचा पेपर दाखवलास. तिनं लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम डिटेस्टिंग बिटर गोर्ड.' त्याचा मार्क मात्र तू कापला होतास.

"बिचारीला कारलं आवडत नाही," मी म्हटलं.

"ते ठीक आहे की. पण हे क्रियापद चालू काळात येत नाही. 'मी सध्या डिटेस्ट करत आहे' असं म्हणताच येत नाही. लिहिणं चालू असतं, जेवणं चालू असतं. हे चालू नसतं, विजू. हे असतं."

मी मराठीची शिक्षिका. मला वाटलं, व्याकरणाची गंमत सांगतेयस. पण तू ते फार हळू आवाजात म्हणालीस आणि पेपरांचा गठ्ठा बांधायला लागलीस, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की तू कारल्याबद्दल बोलत नाहीयेस.

तुझ्या अक्काची गोष्ट तू मला त्यानंतर खूप उशिरा सांगितलीस. भवानी पेठेतून आपण चालत येत होतो. मिलचा भोंगा होऊन गेला होता आणि रस्ताभर सायकलींची गर्दी होती. तू माणसांना वाट देत देत, मधे मधे थांबून सांगत होतीस, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत असावी.

गौराक्काचं लग्न अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात करून दिलं होतं. नवरा मारायचा. एकदा सकाळच्या एसटीनं ती बोचकं घेऊन माहेरी आली. तू तेव्हा मॅट्रिकला होतीस. अप्पा दुकानाला निघाले होते, ते दारातच होते. त्यांनी तिला उंबरा ओलांडू दिला नाही. म्हणाले, "धाकटीचं लग्न व्हायचंय. तू घरात आलीस की माझ्या दारात स्थळ येणार नाही." तुझी आई, अव्वा, आत भिंतीला धरून रडत होती. तू पाण्याचा तांब्या भरून दारापर्यंत आलीस, तर अप्पांनी हात आडवा धरला. अक्का तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "इरलि बिडु, नंदा." राहू दे. आणि अप्पांनी तिला त्याच स्टँडवर नेऊन परतीच्या गाडीत बसवलं. पुढच्या पावसाळ्याआधी निरोप आला की विहिरीवर पाय घसरला.

"सगळी पेठ म्हणते, पाय घसरला," तू म्हणालीस. "अप्पाही तेच म्हणतात. दर श्रावणात तिच्या नावानं जंगमस्वामींना जेवायला घालतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतात, पोरीचा पाय घसरला."

अव्वा त्या दुःखातच गेली. थोरला भाऊ हुबळीला नोकरीला लागला तो तिथलाच झाला. तुला स्थळं आली, चांगली आली, तू एकेकाला नाही म्हणत गेलीस. ज्या लग्नासाठी अक्काला परत लावलं, ते तू होऊच दिलं नाहीस. मग अप्पांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, दुकान बंद पडलं, आणि घरात तुम्ही दोघंच उरलात.

त्या दिवशी तुझ्या घराच्या कोपऱ्यावर उभं राहून मी तुला विचारलं होतं, "मग अप्पांचा राग येत नाही तुला?"

"राग?" तू म्हणालीस. "राग नाही, विजू. आय डिटेस्ट हिम."

मी तुझ्यावर शब्द फेकायला लागले. माझा धंदाच तो. राग म्हण, नाराजी म्हण, चीड म्हण, अढी म्हण. "अढी आंब्यांची घालतात," तू म्हणालीस आणि हसलीससुद्धा. मी म्हटलं, मग तिटकारा म्हण. त्यावर तू विचार केलास. "जवळ येतो. पण मराठीत तिटकारा येतो. राग येतो, वीट येतो, चीड येते. सगळं बाहेरून पाहुण्यासारखं येतं आणि आपण बिचारे दार उघडून उभे. इंग्रजीत तसं नाही. मी करते. कर्ता मी."

"द्वेष करते, तिरस्कार करते, असं म्हणतोच की आपण."

"तिरस्कारात वरून खाली बघणं आहे. द्वेषात त्याचं वाईट व्हावं असं वाटणं आहे. मला अप्पांचं वाईट व्हावं असं वाटत नाही. त्यांना ताप आला तर मी रजा टाकते. किळस म्हणशील तर त्यांचं सगळं मी हातानं काढते, मला किळस नाही. पण त्यांच्याकडे बघितलं की तो आडवा धरलेला हात दिसतो. तो दिसायचा थांबत नाही. आणि थांबावा असं मलाही वाटत नाही."

मला ते सहन झालं नाही. तू तशी असू नयेस असं मला वाटायचं. मी तुझ्या घरी यायची, तू अप्पांना टेकवून बसवलेलं असायचं, ज्वारीच्या कण्या शिजवून मऊ केलेल्या असायच्या, चमच्यानं भरवताना हनुवटीवर ओघळलेलं तू पदरानं नाही, वेगळ्या ठेवलेल्या स्वच्छ फडक्यानं टिपायचीस. आणि मी मनात म्हणायची, ही काय बोलते आणि करते काय! बहात्तरच्या दुष्काळात तर मी पाहिलं ना. नळाला पाणी नाही, टँकरपुढे भांडणं, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, आणि तू शाळेतून आल्या आल्या कळशी घेऊन रांगेत. आणलेल्या पाण्यात अप्पांची आंघोळ रोज व्हायची. अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीला जखमा होतात म्हणायचीस. तू स्वतः ओल्या टॉवेलनं अंग पुसून शाळेत यायचीस.

तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "नंदा, तुझा शब्द चुकलाय. तुझ्या हातांना विचार."

तुला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "हात कुणाचे आहेत? माझेच आहेत की. माझे हात एकीकडे आणि मी दुसरीकडे, असं करू नकोस. सगळ्यांना तेच पाहिजे असतं. सेवा करते ना, मग माया असणारच. माया आहे ना, मग माफ केलंच असणार. माफ केलं ना, मग झालंच नव्हतं काही! मी भरवते हेही खरं आणि मी डिटेस्ट करते हेही खरं. तुला एकच का पाहिजे?"

"मग त्यांनी काय केलं तर तुझं हे संपेल?"

"संपेल की नाही माहीत नाही. पण एकदा म्हणावं त्यांनी. माफी मागू नये, रडू नये. फक्त जे झालं ते म्हणावं. पाय घसरला नाही, मी दारातून परत लावलं, एवढं. चार माणसांत म्हणावं."

या भांडणाचा शेवट आपण केला नाही. अलीकडे, तुला ताप यायच्या आधीच्या आठवड्यात, मी पुन्हा छेडलं होतं. म्हटलं, "अप्पा गेले की तू रडशील बघ." तू म्हणालीस, "रडेन की. म्हणून काय शब्द चुकला?" तेवढ्यात तासाची घंटा झाली. खडूची पेटी उचलून तू वर्गात गेलीस. तुझ्या तोंडून या विषयावर मी ऐकलेलं ते शेवटचं.

नंदा, मी तुझ्याशी एवढी भांडले, पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझं बाळ मेलेलंच जन्माला आलं, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कुणी म्हणालं देवाची इच्छा, कुणी म्हणालं अजून वय आहे, सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, पुढे त्रास नको. तू आलीस, माझ्या खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, "फार वाईट झालं, विजू." बाकी काही नाही. त्या सगळ्या गर्दीत तेवढं एकच वाक्य खरं होतं. त्याला धरून मी बाहेर आले. तुझा तो कडक शब्द आणि हे वाक्य एकाच तोंडातून निघू शकतात, हे मला कळायला इतकी वर्षं लागली. तू मऊ असतीस तर त्या दिवशी तूही 'देवाची इच्छा'च म्हणाली असतीस.

तुमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं नव्हतं. तुला विभूती लावली, फुलांच्या माळा घातल्या आणि विमानात, म्हणजे त्या सजवलेल्या पालखीसारख्या तिरडीत, टेकवून बसवलं. मला वाटत राहिलं की तू नेहमीसारखी पेपर तपासायला बसली आहेस आणि आता मान वर करशील. अप्पांना खुर्चीसकट दारापर्यंत आणलं होतं. ते रडले नाहीत. बायका म्हणाल्या, म्हाताऱ्याला कळलं नाही. मला वाटलं, कळलं आहे.

काल मी तुझ्या घरी गेले. भाऊ अप्पांना हुबळीला न्यायला टॅक्सी आणायला गेला होता. अप्पा खाटेवर एकटे होते. त्यांचं बोलणं जड झालंय, पण सावकाश ऐकलं तर कळतं.

"बसा की, बाई. शाळंत सबा झाली म्हनं. काय बोलले?"

मी काय सांगणार होते, नंदा? समोर लुळा पडलेला म्हातारा, ज्याची लेक आत्ताच गेलीय. मी म्हटलं, "चांगलं बोलले सगळे. म्हणाले, तिनं तुमची फार मायेनं सेवा केली. तिच्या मनात कुणाबद्दल काही नव्हतं."

अप्पांनी डाव्या हातानं नाही नाही अशी खूण केली.

"खोटं हाय ते. पानी नव्हतं बगा त्या साली. रोज मला न्हाऊ घालायची. एक दिस मी इचारलो, एवढं करतीस, मला माफ केलीस न्हवं? तांब्या खाली ठिवली. म्हनली, 'इल्ल, अप्पा. निम्मन्न कंड्र ननग आगंगिल्ल.'"

मी इतकी वर्षं तुमच्यात वावरले, तेवढी कानडी मला येते. नाही, अप्पा. तुम्हाला बघितलं की मला सहन होत नाही. इंग्रजी शब्दाला मी मराठीत जोड शोधत राहिले आणि तू तो तुझ्या आईच्या भाषेतून काढून त्यांच्या तोंडावर ठेवून मोकळी झाली होतीस. तेही अहो-जाहो करून. मला कधी सांगितलंही नाहीस.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ऱ्हायलेलं पानी खांद्यावर वतली. पुसली. कापडं घातली. मला लई लागलं की, बाई. मी म्हनलो, एवढं हाय तर मला हुबळीला धाडून दे. तर म्हनली, 'दारातनं मानूस परत लावायचं काम तुमचं. माझं न्हाई.'"

तुझी सायकलवाल्याकडून घेतलेली भिंतीवरची दिनदर्शिका वाऱ्यानं हलत होती. मी विचारू नये ते विचारलं. "तिला एकच ऐकायचं होतं तुमच्याकडून. माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय."

"मग का नाही म्हणालात?"

"जीब उचलली न्हाई," अप्पा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "लकव्याच्या आदी बी उचलली न्हाई."

टॅक्सी आली. भाऊ आणि ड्रायव्हर यांनी अप्पांना खुर्चीत घेतलं. गल्लीतली माणसं निरोप द्यायला जमली होती. समोरच्या आजी होत्या, जंगमस्वामी होते, अप्पांच्या दुकानात पूर्वी मापाला उभा राहणारा माणूस होता. समोरच्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, "काय नशीब म्हनायचं, अप्पा. एक लेक पाय घसरून गेली, एक तापानं गेली. दोगी बी गुनाच्या."

अप्पांनी डाव्या हातानं दाराची चौकट धरली. खुर्ची अडली. भावाला वाटलं, घर सोडवत नाही म्हणून धरली आहे. तो हळूच हात सोडवायला लागला.

"गौरा घसरून गेली न्हाई," अप्पा म्हणाले.

कुणाला नीट कळलं नाही. त्यांनी दम घेतला आणि पुन्हा, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पोरगी आली होती. मार खाऊन आली होती. हितं, ह्या दारात. मी तिला आत घेतली न्हाई. पानी बी देऊ दिली न्हाई. मी परत लावली. म्हनून गेली."

भाऊ वाकून म्हणाला, "अप्पा, सुम्मनिर्री." गप्प बसा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो तेव्हा दुसऱ्या गावी शिकायला होता, त्यालाही घसरल्याचंच सांगितलं होतं ना? अप्पा गप्प बसले नाहीत. कानडीत पुन्हा तेच म्हणाले, जंगमांकडे बघून. स्वामींनी मान खाली घातली. समोरच्या आजींचा पदर तोंडाशीच राहिला. मग अप्पांनी स्वतःहून चौकट सोडली आणि त्यांना गाडीत बसवलं.

नंदा, मी तुला खोटं सांगणार नाही. हे ऐकून तू त्यांना माफ केलं असतंस असं मला वाटत नाही. तू जवळ गेली नसतीस, गळ्यात पडली नसतीस. तुझा शब्द तू मागे घेतला नसतास. तू फक्त माझ्याकडे वळून विचारलं असतंस, "सगळ्यांनी ऐकलं का?"

ऐकलं, नंदा. सगळ्यांनी ऐकलं.